बीबीसी मायक्रोची फ्लॉपी पीसीत का वाचत नाही?

अंबाजोगाईकर:
आमचे अण्णा गणिताचे मास्तर. १९८४ साली सुरू झालेल्या क्लास योजनेतला (शाळांत संगणक शिकवायची सरकारी योजना) बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक त्यांच्या शाळेत होता. त्यावर त्यांनी बेसिक भाषेत निकालाचा प्रोग्राम लिहिला होता. परवा माळवदाचं घर आवरताना पत्र्याच्या पेटीत सहा फ्लॉप्या निघाल्या. माझ्याकडच्या जुन्या पीसीला सव्वापाच इंची ड्राइव्ह आहे. घातली तर नुसती खरखर, आणि 'जनरल फेल्युअर रीडिंग ड्राइव्ह ए'. आकार तोच, मधलं भोक तेच, मग अडतंय कुठं? अण्णा म्हणतात, "तेव्हाबी होत नव्हतं."

सोल्डरवाला:
आधी हे ऐका: पीसीनं फॉरमॅट करू का विचारलं तर चुकूनही हो म्हणू नका!
आकारावर जाऊ नका. बीबीसीची डीएफएस, म्हणजे फ्लॉपीवर फाइली ठेवायची तिची व्यवस्था, एका ट्रॅकवर (फ्लॉपीवरच्या एका गोल रेघेवर) २५६ बाइटचे १० सेक्टर म्हणजे तुकडे लिहिते, तेही एफएम या जुन्या, विरळ लिहायच्या पद्धतीनं. ४० ट्रॅकच्या एका बाजूवर १०० केबी. पीसीची ३६० केबीवाली एमएफएम या दाट लिहायच्या पद्धतीची, ५१२ बाइटचे ९ सेक्टर. बऱ्याच पीसींच्या कंट्रोलरला (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला) एफएम वाचताच येत नाही. डॉस ही पीसीची प्रणाली बिचारी काय करणार, तिच्यापर्यंत काही पोचतच नाही. आणि पोचलं तरी तिकडं ६५०२ प्रोसेसर, इकडं ८०८८, एकाचा प्रोग्राम दुसऱ्याला कळत नाही.

निवृत्त_परभणी:
शाळेतलं मशीन अन् ड्राइव्ह शाबूत आहे का? असेल तर पीसीत फ्लॉपी घालायच्या नादी लागू नका. मशीनच्या मागं आरएस-४२३ चं, म्हणजे त्याच्या सीरियल पोर्टचं, पाच पिनांचं गोल सॉकेट असतं. तिथून पीसीच्या सीरियल पोर्टला वायर ओढा. मग बीबीसीवर हे हुकूम टाइप करा: *एफएक्स ८,७ म्हणजे पाठवायचा वेग ९६०० बॉड. *एफएक्स ५,२ दिलं की ते पीसीलाच प्रिंटर समजतं. *एफएक्स ६,० विसरलात तर ओळी एकमेकींवर चढतात, आमचा एक अख्खा रविवार त्यात गेला होता. मग कंट्रोल-बी दाबून (म्हणजे स्क्रीनवरचं प्रिंटरकडंही जातं) लिस्ट, म्हणजे प्रोग्रामच्या ओळी दाखवायचा हुकूम. फाईल जशीच्या तशी पाठवू नका, बेसिकचे शब्द त्यात एकेका बाइटात दाबलेले असतात.

सोल्डरवाला:
सरांचं बरोबर. फक्त बटण दाबायच्या आधी पॉवर सप्लायमधले जुने फिल्टर कपॅसिटर बदलून घ्या. माझ्या मशीननं दहा मिनिटांत खोलीभर धूर केला, आई घागर घेऊन धावत आली.

अंबाजोगाईकर:
झालं! मशीन अडगळीच्या खोलीत होतं, कपॅसिटर बदलले. सहापैकी चार फ्लॉप्या वाचल्या. अण्णांनी चष्मा वर करून स्क्रीनवरची प्रोग्रामची यादी वाचली आणि ३४० नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ, ३५ पेक्षा जास्त लिहिलंय. ३५ वाला नापास झाला असंल की रे."
तेव्हापासून आठवी ब मध्ये ३५ वाला कोण होता, ते आठवत बसलेत.