मदत हवी आहे: बाबांचं मृत्युपत्र नाही, घर आईबाबांचं, आणि त्यात आता सावत्र आई राहते

नमस्कार. मजकूर मोठा झालाय, पण अर्धवट सांगून सल्ला मागायचा नाही म्हणून सगळंच लिहिते.

बाबा जाऊन साडेतीन महिने झाले. मी थोरली, भाऊ माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. आमची आई मी सतरा वर्षांची असताना गेली. सहा वर्षांनी बाबांनी दुसरं लग्न केलं, रीतसर नोंदणी करून. त्या विधवा होत्या, पहिल्या लग्नाचा एक मुलगा होता, तेव्हा सोळा वर्षांचा. आम्ही तिला मावशी म्हणतो. तो बाबांना काका म्हणायचा. नोकरी लागल्यावर तो बाहेर पडला, मीही लग्न होऊन गेले, भाऊ बदलीच्या गावी. घरात शेवटी बाबा आणि मावशी दोघंच उरले.

घर म्हणजे सोसायटीतला फ्लॅट. आम्ही दोघं तिथेच लहानाचे मोठे झालो.

बाबा गेल्यावर सोसायटीत चौकशी केली तर कळलं की नॉमिनेशन पूर्णपणे मावशीच्या नावावर आहे. तिथून सगळं बिनसलं. भाऊ म्हणतो, "आईचं घर हातचं गेलं. उद्या मावशी गेली की तिच्या मुलाला मिळणार. आत्ताच विकू, मावशीला तिचा वाटा देऊ, तिनं मुलाकडे जावं." मावशीच्या मुलाचाही समज तोच, की नॉमिनी म्हणजे मालक. तो भांडत नाही, पण "आईला कुणी हलवायचं नाही" एवढं एकच वाक्य त्यानं तीनदा सांगितलं. त्याच्याकडे दोन खोल्या, त्यात सासू-सासरे. मावशी एकाहत्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत.

भाऊ वाईट नाही, हे आधीच सांगते. आई गेली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्या घराखेरीज आईचं म्हणावं असं त्याच्याकडे फार काही नाही.

आणि मावशीबद्दल काय सांगू? बाबांना अर्धांगाचा झटका आल्यावर दोन वर्षं तिनं त्यांचं सगळं केलं. बाथरूममध्ये भिंतीला धरायचा दांडा तिनं बाबांना उभं करून, त्यांचा हात कुठे पोचतो ते पाहून, पेन्सिलीनं खूण करून बसवून घेतला. तो आपल्या नेहमीच्या अंदाजापेक्षा बराच खाली आहे. मागच्या आठवड्यात मी तिथे राहिले तेव्हा मावशी स्वतः त्या दांड्याला धरून वाकून उठत होती, कारण तो तिच्या उंचीचा नाही. तिला इथून जा म्हणायला माझी जीभ उचलणार नाही.

आजी, म्हणजे बाबांची आई, बाबांच्या आधीच गेली. बाबांनी मावशीच्या मुलाला दत्तक घेतलं नव्हतं. आम्ही सगळे हिंदू, फ्लॅट महाराष्ट्रातला.

प्रश्न असे: नॉमिनेशनमुळे घर खरंच मावशीचं झालं का? तिघांचे समान वाटे होतात का? आणि मावशी हयात असेपर्यंत ती तिथेच राहील, पण भावाचा हक्कही बुडणार नाही, असं कायद्यात बसवता येतं का?

(सोसायटीचा मेंटेनन्स बाबांच्या खात्यातून जायचा, तो आता मी भरते. लाइट बिल मावशी भरते. ते अजून आमच्या आईच्याच नावानं येतं. एकोणीस वर्षं मावशीनं ते दर महिन्याला भरलं, नाव बदलून घेऊ असं एकदाही म्हणाली नाही.)

कायदेकानू:

ताई, पहिला प्रश्न सोपा. नाही झालं. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांच्या वतीनं सांभाळणारा असतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं हे १९८४ मध्ये सांगितलं, शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये. आपल्याकडे सहकारी संस्था अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीनं १५४ब-१३ हे कलम आलं. त्यात नॉमिनी फक्त 'तात्पुरता सभासद' होतो, वारस ठरून सभासद होईपर्यंत. हे भावालाही वाचायला द्या आणि मावशीच्या मुलालाही. निम्मं भांडण गैरसमजाचं दिसतंय.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६, कलम ८. बाबांच्या मिळकतीत विधवा पत्नी, मुलगा, मुलगी या तिघांना सारखा वाटा. सावत्र मुलाला काही नाही.

पण वाटे सांगण्याआधी एक विचारतो. लाइट बिल आईच्या नावानं का येतं? मीटर तिच्या नावावर का घेतला होता? फ्लॅटचा मूळ करारनामा काढून बघा. नावं कुणाकुणाची आहेत?

मधली_खोली:

तुमच्या मावशीच्या मुलाच्या जागी मी होते, म्हणून लिहिते. आमच्याकडे "नुसती फॉर्मॅलिटी आहे" असं सांगून माझ्या आईकडून हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही घेतली. नोंदणीही झाली. नोंदलेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार अवघड असतं. पुढे दीड वर्षात तिला बाहेर पडावं लागलं. तिनं कधी कुणाला दोष दिला नाही, पण शेवटपर्यंत तिची बॅग तिनं पूर्ण उघडून कपाटात लावली नाही.

तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय. तरीही मावशीला कुठल्याही कागदावर सही करायला लावण्याआधी तिला तिचा वेगळा वकील द्या. तुमच्या ओळखीचा नको.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. मधली_खोली, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. वेगळ्या वकिलाचं मनावर घेतलंय.

@कायदेकानू, बाबांची निळी फाइल काढली. करारनाम्यावर आईबाबा दोघांची नावं आहेत. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरही आईचं दुसरं नाव होतं, ते मागच्या बाजूला नोंद करून कमी केलंय. आणि फाइलीत आईच्या ऑफिसच्या कर्जाची कागदपत्रं निघाली, तिच्या पगारातून हप्ते कापल्याच्या पावत्यांसकट. आईनं घरासाठी कर्ज काढलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आईचंही मृत्युपत्र नव्हतं.

कायदेकानू:

मग हिशेब बदलला. सोसायटीनं नाव कमी केलं म्हणून आईचा हिस्सा बाबांचा होत नाही. करारनाम्यात वेगळं प्रमाण लिहिलं नसेल तर अर्धा फ्लॅट आईचा धरू. पगारातून हप्ते गेलेत, त्यामुळे 'नाव नुसतं लावलं होतं' असं कुणी सहसा म्हणू शकणार नाही. पावत्या नीट जपा.

आई गेली तेव्हाच कलम १५ प्रमाणे तिच्या अर्ध्याचे तीन भाग झाले: नवरा, तुम्ही, भाऊ. प्रत्येकी १/६. म्हणजे बाबांकडे १/२ आणि १/६ मिळून २/३ राहिला. आता बाबांच्या २/३ चे पुन्हा तीन भाग, प्रत्येकी २/९.

मावशी: २/९, म्हणजे ४/१८.
तुम्ही: १/६ + २/९ = ७/१८.
भाऊ: तेवढेच ७/१८.

भावाला सांगा, आईचं घर हातचं गेलेलं नाही. आईचा वाटा त्याच्याकडे तो शाळेत असल्यापासूनच आहे.

त्याची दुसरी भीती मात्र खरी आहे, ती लपवू नका. मावशीचा २/९ पूर्ण तिच्या मालकीचा, कलम १४. तिनं मृत्युपत्र केलं नाही तर तो तिच्या पोटच्या मुलाला जाईल. नवऱ्याकडून आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे परत जाते ती बाईला मूल नसेल तरच. आणि कलम १५ मधल्या 'मुलगा-मुलगी'मध्ये सावत्र मुलं येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये स्पष्ट केलंय. पण तो २/९ आहे, सगळं घर नव्हे.

धागाकर्ती:

भावाला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. कर्जाच्या पावत्यांचे फोटो पाठवले. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईनं हप्ते भरले होते?" एवढंच. विकायचं म्हणाला नाही, पण विकायचं नाही असंही म्हणाला नाही. तो कोर्टात गेला तर?

कायदेकानू:

वाटपाचा दावा कुठलाही सहहिस्सेदार लावू शकतो. फ्लॅटच्या भिंती पाडून वाटे पडत नाहीत, मग प्रश्न विक्रीवर येतो. १८९३ च्या वाटप कायद्याखाली विक्री मागायची तर मागणाऱ्यांचा एकत्रित हिस्सा निम्मा किंवा जास्त लागतो, आणि बाकीच्यांना कोर्टानं ठरवलेल्या किमतीत तो विकत घेण्याची संधी मिळते. भावाकडे ७/१८ आहे. निम्म्याला दोन कमी. तुमची किंवा मावशीची साथ असल्याशिवाय त्याला त्या कायद्याखाली विक्री मागता येणार नाही. दावा वर्षानुवर्षं रेंगाळेल तो वेगळाच. म्हणजे ताई, यात तुम्ही मध्यस्थ नाही, तुमचं मत निर्णायक आहे. भावाशी बोलताना धमकी म्हणून हे वापरू नका, पण स्वतः घाबरू नका.

माझा सल्ला: तिघांत कौटुंबिक समझोत्याचा लेख करा आणि तो नोंदवा. तिघांचे वाटे स्पष्ट लिहा. मावशीला हयातभर राहण्याचा हक्क, तोवर कुणी विक्री किंवा वाटप मागायचं नाही. तिच्यानंतर तिच्या २/९ ची बाजारभावानं किंमत तिच्या मुलाला देऊन तो तुम्ही दोघांनी घ्यायचा. भावाला घर मिळतं, मुलाला आईचा वाटा मिळतो. मुलाचीही संमतीची सही घ्या. मावशीकडून हक्कसोड मागू नका, त्याची गरजच नाही. आणि कच्चा मसुदा आधी तिच्या वकिलाकडे.

धागाकर्ती:

काल मावशीला मसुदा वाचून दाखवला. तिचा मुलगाही होता, त्यानंच तिच्यासाठी वकीलबाई शोधल्यात. भाऊ रविवारी येतोय, सही करतो असं म्हणाला नाही, "येऊन बघतो" म्हणाला.

मावशीनं वाट्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तिनं वेगळंच विचारलं: "गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि दोन-तीन महिने मला मुलाकडे राहावं लागलं, तर मी घर सोडलं असं होईल का?"

मला उत्तर देता आलं नाही. असं काही लेखात लिहावं लागतं का?

मधली_खोली:

लिहावंच लागतं. आमच्याकडे नेमकं तेच झालं, आई हॉस्पिटलमधून परत आली तेव्हा कुलूप बदललेलं होतं. आजारपण, उपचार किंवा मुलाकडे तात्पुरतं राहणं यानं राहण्याचा हक्क संपणार नाही आणि किल्ली तिच्याकडेच राहील, असं स्वतंत्र कलम घाला. मेंटेनन्स आणि मोठी दुरुस्ती कुणी भरायची तेही.

धागाकर्ती:

घालते. वकीलबाईंना आजच कळवते.