भिंतीवर फ्लेमिंगो रंगवून खाडी कळते का?

खाडीकाठची
नेरुळला राहते. फेब्रुवारीतल्या चार रविवारी आमच्या सोसायटीच्या मागची चाळीसेक फुटांची कंपाउंड वॉल मुलांनी आणि आईबापांनी मिळून रंगवली. त्यावरून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुरेसं भांडून झालंय, आता इथे विचारते.

पहिल्या दिवशी मुलांना कागद दिले आणि म्हटलं, खाडी काढा. चौदापैकी अकरा जणांनी काय काढलं असेल? दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी, झोपडी, नारळाचं झाड. बाल्कनीतून खाडी दिसते त्या मुलांनीसुद्धा! आमच्याकडे सूर्य उगवतो पारसिकच्या डोंगरामागून, म्हणजे खाडीच्या बरोबर उलट्या बाजूने. खाडीवर तो मावळतो, ट्रॉम्बेच्या बाजूला.

मग पुढच्या रविवारी ओहोटी बघून सगळ्यांना जेट्टीवर नेलं. फोन एका पिशवीत जमा, हातात पेन्सिल. पहिली वीस मिनिटं नुसता कंटाळा. मग सातवीतला एक मुलगा फ्लेमिंगोकडे बघत म्हणाला, "ह्याचा गुडघा उलटा वाकतोय." आम्हा मोठ्यांनाही माहीत नव्हतं. शोधलं तेव्हा कळलं की तो गुडघा नाहीच, घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. एका मुलीने चार पक्षी चक्क राखाडी रंगवले आणि भिंतीवरही तसेच घेतले. सेक्रेटरी म्हणाले, हे बगळे कशाला, गुलाबी करून टाका. अकरा वर्षांच्या पोरीने त्यांना थांबवून सांगितलं की रोहित म्हणजे फ्लेमिंगो लहानपणी राखाडीच असतात, गुलाबी रंग खाण्यातल्या शेवाळातून हळूहळू चढतो. राखाडी पक्षी भिंतीवर आहेत अजून.

माझं म्हणणं एवढंच, असे उपक्रम प्रत्येक वॉर्डात व्हावेत. पटत नसेल तर जरूर लिहा.

सरळसोट
पटत नाही. नवी मुंबई म्हणे 'फ्लेमिंगो सिटी', चौकाचौकात फ्लेमिंगोचे पुतळे, उड्डाणपुलाखाली फ्लेमिंगोची चित्रं. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तुमच्याच नेरुळच्या डीपीएस शाळेमागच्या तलावात भरतीचं पाणी पोचेना आणि पक्षी मेलेले सापडले. त्याच मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसपेक्षा जास्त फ्लेमिंगो गेले. पुतळे मात्र सगळे ठणठणीत आहेत.

भिंतीला ओल आली की आपण त्या जागी कॅलेंडर टांगतो, त्यातला हा प्रकार. रविवार घालवायचाच असेल तर मुलांना अर्ज लिहायला शिकवा, हरकत कशी नोंदवतात ते शिकवा. चित्र काढून झालं की लोकांना वाटतं आपण काहीतरी केलं. मला भीती त्या वाटण्याची आहे.

पेणची सून
मागच्या वर्षी आमच्याकडे 'स्थानिक मातीशी नातं' म्हणून शाडूच्या गणपतीची कार्यशाळा झाली. शाडू येतो गुजरातमधून. स्थानिक काय होतं, तर पाण्याची बादली. 😄

चित्रकलेचे सर
पंचवीस वर्षं चित्रकला शिकवतोय, त्यामुळे बाजू कलेचीच घेणार. पण बहुतेक ठिकाणी होतं काय ते सांगतो. आदल्या रात्री पेंटर येऊन आउटलाइन मारून जातो. सकाळी मुलं येतात, टी-शर्ट वाटले जातात, मुलं रंग भरतात, पाहुणे येऊन एक ब्रश मारतात, फोटो, वडापाव, घरी. याला मी कला म्हणत नाही आणि निसर्गाचा तर त्यात संबंधच नाही.

खाडीकाठची यांनी भिंतीच्या आधी जेट्टी गाठली, हा फरक मोठा आहे. त्या दोन डोंगर-सूर्याबद्दल मुलांना दोष देऊ नका. तो आम्ही शिकवलाय. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत मुलं वर्षानुवर्षं तीच झाडं, तीच वळणाची वाट पाठ करतात. बघून काढणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. बघून काढताना हात अडतो, आणि हात अडला की डोळा परत जाऊन बघतो. घोट्याचं तसंच झालं असणार. फोटो काढला असता तर त्या मुलाला तो घोटा दिसला नसता, पैज लावतो.

@सरळसोट, अर्ज लिहायला शिकवा, जरूर. पण अर्जात काय लिहिणार? ज्या पोराने तलाव दहा मिनिटं धड बघितला नाही त्याला पाणी कमी झालंय हे कळणार कसं?

सरळसोट
सर, पाणी कमी झालंय हे दहा मिनिटांत कुणालाही कळतं. ते अडवलं कुणी, हे चित्र काढून कळत नाही.

डहाणू लोकल
वेगळा मुद्दा. 'निसर्ग' आणि 'भिंत' हे दोन शब्द एकत्र आले की शहरातल्या लोकांच्या हाताला वारली सुटते. तुमच्या त्या भिंतीच्या कोपऱ्यातही तारपा वाजवणारा आणि भोवती फेर असणार, खोटं असेल तर सांगा.

आमच्याकडे चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, 'लिहितात'. लग्नघरात, सारवून गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सवाशिणी लिहितात. मधे पालघाट देवी. तो लग्नाचा विधी आहे, सजावट नाही. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणली, जगभर नेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण नव्या मुंबईच्या खाडीशी नातं जोडायला डहाणूचं लग्न कशाला? तुमच्या खाडीची चिन्हं तुम्हीच शोधा की.

खाडीकाठची
@डहाणू लोकल, कोपऱ्यात तारपा आहे. 🙈 एका बाबांनी उत्साहात काढला. आम्हाला कुणालाच खटकला नाही, हेच आता खटकतंय.

दहावीची आई
चार रविवार? आमच्याकडे क्लासला रविवारची सुट्टी नसते. ज्यांना वेळ आहे त्यांनी जरूर रंगवा.

भरती-ओहोटी
आम्ही इथलेच, कोळीवाड्यातले. धागा सगळा वाचला. जेट्टीवर तुम्ही मुलं घेऊन आलात तेव्हा कदाचित मी तिथे जाळं सुकवत असेन. कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

दोनच प्रश्न विचारतो. तुमच्या भिंतीवर फ्लेमिंगो आहेत, तिवरं असतील. होडी आहे का? माणूस आहे का? चिखलात गुडघाभर उतरून कालवं काढणारी बाई आहे का? माझ्या आईने त्यावर तीन पोरं वाढवली. तुमच्यासाठी ही खाडी २०१५ साली अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा झाली. आमच्यासाठी ती त्याच्याआधीपासून निवटी, बोय, चिंबोरी, जवळा अशी मासळी आहे. त्यातलं आता किती उरलंय ते आमच्या टोपलीवरून कळतं, तुमच्या भिंतीवरून नाही.

आणि आमच्या मुलांना असल्या रंगकामाला कधी कुणी बोलावत नाही. त्यांना सगळं माहीतच आहे असं समजतात बहुतेक. माझ्या मुलाला निवटी आणि खरबी यांतला फरक सांगता येत नाही. तोही फोनवरच असतो.

सरळसोट
@भरती-ओहोटी, माझ्या बाजूने बोलताय असं समजून वाचत होतो, शेवटच्या ओळीपर्यंत.

भरती-ओहोटी
बाजूबिजू नाही हो. मला राग चित्राचा नाही, त्यात आम्ही नाही याचा आहे.

खाडीकाठची
नाही. होडी नाही, माणूस नाही, एकसुद्धा. आत्ता खाली जाऊन बघून आले. चाळीस फुटांत आम्ही फक्त पक्षी, झाडं आणि एक तारपा काढलाय. जेट्टीवर जाळी होती, माणसं होती. आमच्या कुणाच्या कागदावर ती आली नाहीत. सर, बघून काढतानासुद्धा माणूस गाळता येतो, हे तुमच्या थिअरीत बसवा.

@सरळसोट, तुमचं अर्ध मान्य. पक्षी मेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी बातमी फॉरवर्ड केली, हळहळलो, संपलं. पण मागच्या आठवड्यात त्याच राखाडी पक्षीवालीने विचारलं, "भरतीचं पाणी तळ्यात येतं कुठून? मला ती जागा काढायचीय." जागा शोधायला आम्ही दोन आया आणि पाच मुलं तलावाला अर्धी फेरी मारून आलो. सापडली नाही. अर्ज करायचा तर आधी ती जागा कागदावर यायला हवी ना? नकाशा तुम्ही वाचून द्या, हातासरशी अर्जही शिकवा. खरंच विचारतेय.

चित्रकलेचे सर
माणूस गाळला जातो, बरोबर आहे. आम्ही 'निसर्गचित्र' म्हणून जे शिकवतो त्यातला माणूस पाठमोरा असतो आणि डोक्यावर घडा. मी यावर विचार करतो. तारपा पुसू नका मात्र, त्याच्या शेजारी होडी काढा. चूकही दिसू दे.

डहाणू लोकल
सर, तुमच्या घराच्या भिंतीवर नाही ना ती चूक, म्हणून दिसू दे. पुसा.

सरळसोट
नकाशा बघतो, पण चित्रासाठी येत नाही, पाण्याच्या वाटेसाठी येतो. या रविवारी दुपारी बारा चालेल?

भरती-ओहोटी
रविवारी पौर्णिमा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि खाडीत आतवर आणखी थोडा उशीर. बाराला आलात तर नुसतं पाणी दिसेल. पाणी कुठून शिरतं ते बघायला ती वेळ बरी आहे म्हणा. पण चिखल बघायचा तर पहाटे साडेपाच-सहाला या. उधाणाला पाणी लांबवर मागे जातं, अष्टमीच्या भांगेला, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, तेवढं जात नाही. माझ्या मुलालाही उठवतो, बघू उठतो का.

सरळसोट
पहाटे. बरं. अनवाणी यायचं का?

भरती-ओहोटी
नको, कालवं तळवे कापतात. चप्पलही नको, ती चिखलातच राहील. जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घट्ट बांधून.