पुण्यात पहिला रीफ टँक करायचाय, आधी पैसे कशावर घालू?

कोथरूड_प्लांटेड
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचा प्लांटेड टँक बरीच वर्षं सांभाळतोय पण डोक्यात खूळ रीफचंच, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोरलच्या (प्रवाळाच्या) टँकचंच आहे, आणि यंदा दिवाळीनंतर करायचंच असं ठरवलंय. जागा हॉलमध्ये, तिसरा मजला, टँक ३ बाय दीड बाय दीड फूट, खाली संप (फिल्टर-पंपाची वेगळी टाकी). परवा एका दुकानात चौकशी केली तर ते म्हणाले आठवड्यात मासे सोडा, पंधरा दिवसांत कोरल, पाणी थंड करायला चिलर-फॅन काही लागत नाही, आणि मीठ महाग वाटत असेल तर अलिबागहून पाण्याचे कॅन भरून आणा. मला यातलं एकही पटलं नाही. पुण्यात टँक चालवणाऱ्यांनी सांगा, आधी काय घ्यायचं आणि काय मागाहून घेतलं तरी चालेल? पाणी कॉर्पोरेशनचं आहे, उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो. क्लाउनफिशची जोडी आणि थोडे कोरल, एवढंच हवंय.

सहकारनगर_रीफ
दादा, आधी पाणी, मग थंडावा, मग लाईट. मासे सगळ्यात शेवटी.

अलिबागचं पाणी डोक्यातून काढून टाका. किनाऱ्यालगत गाळ असतो, खाडीचं पाणी मिसळतं, पावसाळ्यात खारटपणा कुठच्या कुठे उतरतो. मरीन सॉल्ट मिक्सच घ्या, घरचं मीठ अजिबात नाही कारण कोरलला कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) हे सगळं लागतं आणि ते आपल्या मिठात नसतं. तुमचा टँक काठोकाठ १८० लिटरच्या आसपास होतो, रॉक आणि वाळूची जागा वजा करून संप धरला तर दीडशे लिटर पाणी धरा, म्हणजे पहिल्या भरणीला साडेपाच-सहा किलो मीठ. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) ठेवायचा. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या कॅलिब्रेशन सोल्युशनवर लावून घ्या, साध्या पाण्यावर शून्य केला तर वर ३५ ला चुकीचं दाखवू शकतो.

मीठ ज्यात मिसळणार ते पाणी आरओ-डीआयचंच (आरओनंतर उरलेले क्षार डीआय कार्ट्रिजने काढलेलं), टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. इथे आपल्याकडे बरेच जण फसतात. किचनमधल्या आरओला बहुतेक वेळा टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, त्यामुळे मीटर लावला की ४०-५० दाखवतो आणि टँकरचं बोअरचं पाणी असेल तर त्याहून जास्त. मेम्ब्रेननंतर लगेच लाईन काढून घ्यायची आणि पुढे डीआय कार्ट्रिज जोडायचं. नाहीतर सिलिकेट, फॉस्फेट, नायट्रेट टँकमध्ये येत राहतं आणि तुम्ही कायम शेवाळ खरवडत बसता. रिजेक्ट पाणी भरपूर निघतं, ते फरशीला वापरा.

आता उन्हाळा. पाणी २४ ते २६ डिग्री हवं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे बाहेर ४० च्या आसपास जातं, त्यात पंप आणि लाईटची उष्णता, टँक ३० च्या वर सहज जातो आणि तिथे कोरल आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकून पांढरे पडायला लागतात. पुण्याचा एक फायदा आहे, उन्हाळ्यात हवा कोरडी असते त्यामुळे पाण्यावर तिरका फॅन लावला तरी २-३ डिग्री उतरतात, मुंबईत दमटपणामुळे तसं होत नाही. पण बंद फ्लॅट असेल, दुपारी घरी कोणी नसेल, तर चिलरचे पैसे बाजूला काढूनच सुरुवात करा. आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी हीटर लागतोच.

फॅन लावला की पाणी उडतं, मीठ मात्र टँकमध्येच राहतं. रोज ३ लिटर उडालं आणि आठवडाभर बघितलंच नाही तर ३५ चं ४० च्या वर जातं. म्हणून टॉप-अप कायम गोड्या आरओ-डीआय पाण्याने, खाऱ्याने कधीच नाही. संपच्या काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा, घरातल्या कुणालाही सांगता येतं की रेघेपर्यंत भर. जमलं तर ऑटो टॉप-अप घ्या, त्या पैशांचं चीज होतं.

मालवण_डायव्हर
कोरलबद्दल स्पष्ट लिहितो कारण हे दुकानात कोणी सांगत नाही. सगळे हार्ड कोरल (दगडी सांगाड्याचे) वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या परिशिष्ट १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच परिशिष्टात. समुद्रातून काढलेला जिवंत तुकडा तर सोडाच, वाळलेला सांगाडा विकणं-विकत घेणं पण गुन्हा. समुद्री घोडा आणि सी फॅन (पंख्यासारखं कोरल) यांना सुद्धा याच कायद्याचं संरक्षण आहे. कोणी "ओरिजिनल लाइव्ह रॉक, समुद्रातला" म्हणून जीवजंतू बसलेला खडक दाखवला तर हात लावू नका, ड्राय रॉक किंवा सिरॅमिक रॉक घ्या, बॅक्टेरिया त्यावर पण तितकेच बसतात.

मालवणला पाण्याखाली जाऊन बघा एकदा. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, तरी बोटीच्या नांगराने कोरल मोडलेलं दिसतं आणि जीव तुटतो. मोडलेल्या जागी नवीन वाढ बोटभर व्हायला सुद्धा वर्षं जातात. त्यामुळे टँकसाठी तिथून एक खडाही निघू नये असं मनापासून वाटतं.

सुरुवातीला मशरूम, झोआ, लेदर हे सोपे कोरल. तेही दुसऱ्याच्या टँकमध्ये वाढवून कापलेले तुकडे (फ्रॅग) घ्या, आणि दुकानातून घेतलं तर माल कुठून आला ते विचारून बिल घ्या.

औंध_झोआ
वरच्यात एक भर, झोआ घेणार असाल तर नक्की वाचा. झोआ आणि विशेषतः त्याच्याच जातकुळीतल्या पॅलिथोआ मध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, ते फार जहाल विष आहे. हाताळताना ग्लोव्हज आणि डोळ्यांना चष्मा, हातावर जखम असेल तर टँकमध्ये हातच घालायचा नाही. आणि झोआ चिकटलेला रॉक साफ करायला म्हणून कधीही उकळायचा नाही किंवा त्यावर गरम पाणी ओतायचं नाही, वाफेतून अख्खं घर आजारी पडल्याचे प्रकार झालेत. घरात लहान मुलं असतील तर सरळ मशरूमपासून सुरुवात करा, मशरूमला लाईटही कमी पुरतो. सकाळी निळा लाईट लागला की चुरगळलेलं मशरूम अर्ध्या तासात फुगून बशीएवढं होतं, ते बघत बसावंसं वाटतं.

धायरी_वायरमन
वजन आणि वीज राहिली. पाणी, काच, रॉक, स्टँड मिळून अडीचशे-तीनशे किलो धरा, टँक बीमच्या भिंतीला लागून ठेवा, हॉलच्या मधोमध नको. स्टँड लोखंडी असेल तर पावडर कोटिंग नीट करून घ्या, खाऱ्या पाण्याचा पांढरा थर कडेकडेने सरकत जोडापर्यंत जातो आणि तिथून गंज धरतो.

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे तर तुम्हाला माहितीच आहे. लाईट गेली की रिटर्न पंप थांबतो आणि वरचं पाणी पाइपमधून उलट संपमध्ये उतरतं, म्हणून संप कधी गळ्यापर्यंत भरायचा नाही आणि रिटर्नच्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक बारीक भोक ठेवायचं, पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. मासे सोडायच्या आधी मेन स्विच मुद्दाम बंद करून बघा, पाणी कुठवर चढतं ते. वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) इन्व्हर्टरवर घ्या, हीटर आणि चिलर नको. हलतं पाणी असलं की ऑक्सिजन मिळतो, अंधाराचं काही नाही. आणि या पॉइंटला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पाहिजेच, वायरला प्लगच्या आधी खाली एक झोळ द्यायचा म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता तिथूनच टपकतो.

कोथरूड_प्लांटेड
सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून ठेवतो. मग सायकलिंगला (टँकमध्ये उपयोगी बॅक्टेरिया बसायला) खरंच किती दिवस, आणि झालं हे ओळखायचं कसं? आणि जुना दीड फुटी टँक रिकामा आहे, तो क्वारंटाइनला चालेल का?

सहकारनगर_रीफ
साधारण ४ ते ६ आठवडे, बाटलीतले बॅक्टेरिया टाकले तर लवकरही होतं, पण कॅलेंडर बघून ठरवायचं नाही, टेस्ट किट बघून ठरवायचं. मासळी बाजारातून एक कच्ची कोळंबी आणा, जाळीत घालून टँकमध्ये सोडा, सडली की अमोनिया वर येतो. वास येईल, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मग अमोनिया खाली, नायट्राइट वर, मग तोही खाली आणि नायट्रेट दिसायला लागतो. कोळंबी काढून टाका, २ पीपीएम अमोनिया द्या, २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टँक तयार. मोठं वॉटर चेंज करा. नंतर वाळूवर तपकिरी थर येईल, ते डायटम (सूक्ष्म शैवाल), बहुतेक आपोआप जातं, तेव्हा गोगलगायी सोडा. नायट्रेट ५-१० पीपीएम आणि अल्कलिनिटी ८-९ डीकेएच वर दोन-तीन आठवडे हलत नसेल तरच पहिलं मशरूम.

क्लाउन टँक-ब्रेड (टँकमध्येच पैदा झालेले) घ्या, दोन्ही लहान आणि एक किंचित मोठा, मोठा आपोआप मादी होतो. अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) लागत नाही त्यांना, आणि नवीन टँकमध्ये तो टिकतही नाही.

दीड फुटी टँक उत्तम. चार ते सहा आठवडे तिथे ठेवून व्हाइट स्पॉट किंवा व्हेल्व्हेट या रोगांचे ठिपके माशांवर येतात का बघा. त्यात वाळू-रॉक घालू नका, कॉपरचं औषध द्यायची वेळ आली तर ते दोन्ही कॉपर शोषून घेतात आणि डोस कळत नाही. लपायला पीव्हीसीचे एल्बो टाका, आणि स्पंज फिल्टरचा स्पंज आत्तापासूनच मुख्य टँकच्या संपमध्ये ठेवून द्या म्हणजे बॅक्टेरिया तयार मिळतील. औषध पडलेला स्पंज मात्र परत संपमध्ये टाकायचा नाही.