भानू अथय्यांचं ऑस्कर वर्ध्यात हवं होतं का?

देवळीची शिक्षिका: शिवणवर्गातल्या मुलींना आज भानू अथय्यांबद्दल सांगितलं. कोल्हापूरच्या, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकलेल्या. १९५६च्या 'सीआयडी'पासून सिनेमाचे पोशाख केले. 'गांधी'साठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. भारतात आलेलं ते पहिलं. आपल्यामागे ते नीट राहील का, या काळजीनं २०१२ मध्ये त्यांनी ते अमेरिकेतल्या अकादमीकडे परत सोपवलं. मला ते पटलेलं नाही. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामला राहिले. त्यांच्यावरच्या सिनेमाच्या कपड्यांचा मान वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, खादी-ग्रामोद्योगाच्या त्या संग्रहालयात, शोभला असता. एसटीनं जाऊन माझ्या मुलींनी तो पाहिला असता.

कापूसवाला, हिंगणघाट: मॅडम, टागोरांचं नोबेल पदक २००४ मध्ये शांतिनिकेतनातून चोरीला गेलं. विद्यापीठाला जमलं नाही, ते आपल्याला जमलं असतं? बक्षीस त्यांचं, निर्णयही त्यांचाच. बरोबरच केलं.

शिक्षिका: निर्णयाचा हक्क त्यांचाच, दादा. पण म्हाताऱ्या कलावंत बाईला आपल्या देशात भरवशाची एक जागा सापडू नये, हे तुम्हाला खुपत नाही?

आर्वीकर: मूर्ती पाहून पोरीइले काय भेटन? काम शिकवा ना! १९१५ ले गांधीजी काठेवाडी पागोट्यात परत आले अन् १९२१ ले मदुराईत पंचा नेसले. माणूस तोच, पण कपड्यावरून त्याचं सारं जगणं बदललेलं दिसते. सिनेमात कोरं कापडही धुऊन धुऊन विरल्यासारखं दिसा लागते. हे कोन शिकवते? आपल्याकडं शिवणक्लास म्हंजे ब्लाऊज अन् फॉल-पिको. आपल्या वावरात कापूस पिकते, अन् पोरीइले सुताचा नंबर, म्हंजे सूत किती बारीक हाय ते, सांगता येत नाही.

कापूसवाला: हे मात्र खरं. पण अथय्यांच्या घरीच कला होती, वडील चित्रकार होते. कोरडवाहू घरातल्या पोरीनं मुंबई कशी गाठायची?

शिक्षिका: ते वडील त्या लहान असतानाच वारले, दादा. मुंबईचा खर्च मोठा आहे, मान्य. म्हणून तर मुलींना दहावीनंतर लगेच मशीन घेऊन देऊ नका, आधी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसवा. आर्वीकर भाऊ, सुताचं पुढच्या आठवड्यापासून शिकवते. ऑस्करबद्दलचं मत मात्र मी बदलणार नाही.