बेळगावातले क्रिकेटचे पत्ते कुणाकुणाकडे होते?

शहापूरकर: काल भाचा आयपीएलची कार्डं मांडून बसला आणि बबलगममधून निघणारे आमचे पत्ते आठवले. शहापुरात मराठी शाळेची पोरं सचिन-कांबळी सोडायची नाहीत, कन्नड शाळेच्या पोरांना कुंबळे-श्रीनाथ पाहिजेत. मग काय, सुट्टीत बाजारच! एक कांबळी दिला की श्रीनाथ, वर दोन गोट्या. घरी मोठी माणसं सीमाप्रश्नावर तावातावानं बोलायची. आमचा सौदा अर्धा मराठीत, अर्धा कन्नडात मिटायचा. त्यातले दोघं आजही जिवाभावाचे आहेत. लिहा तुमचंही.

अनगोळचा बाळ्या: डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांचे पत्ते बे!! वजन म्हटलं की योकोझुना, उंचीला जायंट गोन्झालेस. आजोबा म्हणायचे, असली कुस्ती बघायची तर आनंदवाडीच्या आखाड्यात चल. नेलंही त्यांनी. ती माती, हलगी, अंगावर काटा यायचा. पत्ते राहिले बाजूला, मी तालमीत जायला लागलो.

खानापूरची वैनी: आमच्यात मुली पण खेळायच्या हं. भाकरी टाकता टाकता लिहितेय, नंतर येते

निपाणीकर काका: ८७ चा रिलायन्स कप. बिग फन बबलगम. त्यातले रन जमवून फ्लिपबुक घ्यायचं, पानं फर्रकन सोडली की बॅट फिरायची.

बाळ्या: काका, आहे काय अजून तुमच्याकडं?

निपाणीकर काका: पुरात गेलं रे सगळं.

शहापूरकर: अरेरे काका 😔

टिळकवाडी: ९९ ला ब्रिटानिया बिस्किटांची कव्हरं! त्यावरच्या 100 रन झाल्या की स्क्रॅचची पुस्तिका. घरात बिस्किटांशिवाय नाश्ता नाही. पण मला प्यारा गदगचा सुनील जोशी. त्याच वर्षी नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 10 षटकं, 6 निर्धाव, 6 धावा, 5 बळी! त्याचा पत्ता कधी मिळालाच नाही, म्हणून पेपरातला फोटो कापून पुठ्ठ्यावर चिकटवला. आपल्या बाजूचा माणूस भारताकडून खेळतोय, ह्याचं केवढं अप्रूप होतं.

खानापूरची वैनी: आले. द्रविडचा पत्ता माझ्या भूगोलाच्या वहीत असायचा. देवाणघेवाण नाही म्हणजे नाही 😄 टिळकवाडी, तुम्ही दुसऱ्या गेटजवळचे काय?

टिळकवाडी: होय वैनी. तुम्ही?

खानापूरची वैनी: माहेर तिथलंच की! मंगळवार पेठ.

बाळ्या: झालं, आता ह्यांच्या गल्लीच्या गप्पा 😂 अंडरटेकर डबल आहे कुणाकडं? रविवारी गोवावेसला येऊलालो.

शहापूरकर: आहे. येताना कुंदा आण.