मदत हवी आहे: प्रियस प्राइम चार्ज करणं गॅसपेक्षा महाग पडतंय (बे एरिया)

नमस्कार मंडळी, आम्ही फ्रिमाँटला राहतो, २०२३ ची प्रियस प्राइम एसई (प्लगला लावून चार्ज होणारी आणि गॅसवर, म्हणजे पेट्रोलवरही चालणारी हायब्रिड) सेकंडहँड घेतलीये. कागदावर इलेक्ट्रिक रेंज ४४ मैल आणि माझं मिलपिटसचं ऑफिस जाऊन येऊन २५ एक मैल, त्यामुळे आठवडाभर इंजिन चालू व्हायची गरजच पडत नाही. गाडीबद्दल काहीच तक्रार नाही, मस्त आहे. प्रश्न विजेच्या बिलाचा आहे.

गॅरेजमधल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगला लावतो, पूर्ण रिकामी असेल तर ११ तास घेते आणि १२ एक युनिट ओढते. आमचा नेहमीचा टियरवाला (वापर वाढला की दर वाढतो तो) प्लॅन आहे, युनिट ४२ सेंटला पडतंय, म्हणजे ४४ मैलांना ५ डॉलर झाले. आणि हीच गाडी नुसत्या हायब्रिडवर गॅलनला ५२ मैल देते, इथे गॅस सध्या ४.७० आहे, म्हणजे तेवढ्याच ४४ मैलांना ४ डॉलर!! बायकोलाही हिशोब तपासायला लावला, बरोबर आहे म्हणाली.

ईव्ही प्लॅन (इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठीचा) घेतला तर रात्री १२ ते दुपारी ३ युनिट ३१ सेंटला मिळेल, पण मग अख्खं घरच त्या प्लॅनवर जातं आणि संध्याकाळी ४ ते ९ दर बराच जास्त. नेमकी तीच आमची स्वयंपाकाची वेळ, शेगडी इलेक्ट्रिक, त्यात सध्या आई आलीये आणि तिला संध्याकाळी खोलीत हीटर लागतो, तो मी बंद करायला सांगणार नाही.

तर प्लॅन बदलावा का? २४० व्होल्टची लाइन टाकून घ्यावी का? आणि गॅस जवळजवळ वापरतच नसू तर ऑइल चेंज लांबवला तर चालेल का? मला खरंच गॅस कमीत कमी जाळायचाय, पण दर महिन्याला जास्त पैसे भरूनही नको.

प्रतिसाद:
आमच्याकडे हीच गाडी आहे. सोपा हिशोब सांगतो, गॅसच्या गॅलनच्या भावाला १४ ने भागा, त्याच्या खाली युनिट मिळत असेल तरच चार्जिंग परवडतं. तुमचं ४.७० म्हणजे ३३-३४ सेंट आलं. ३१ ला घेतलं तरी फुल चार्जमागे गॅसपेक्षा पाव डॉलर वाचेल फक्त, तेवढ्यासाठी संध्याकाळचं बिल वाढवू नका. वीज कंपनीच्या साइटवर तासवार वापर दिसतो, तिथे ४ ते ९ मध्ये किती युनिट जातात ते आधी बघा, प्लॅनची तुलनाही तिथेच करता येते.

२४० ची अजिबात गरज नाही. रात्री १२ चा टायमर लावलात तर सकाळी ८ पर्यंत ३० एक मैलांचं चार्जिंग साध्या प्लगवर होतं, तुम्हाला लागतात २५. ऑइल मात्र वर्षातून एकदा बदलायचंच, मैल कितीही होवोत. आणि लांब जाताना फ्रीवेवर हायब्रिड मोड ठेवा, बॅटरी गावातल्या सिग्नलांसाठी राखून ठेवा, तिथे ती जास्त पुरते.

ऑफिसला चार्जर आहे का, आणि काय दराने? फुकट असेल तर घरी प्लग लावूच नका. ४ ते ९ चे आकडे इथे टाका, मग नक्की सांगता येईल.