रेसचा चित्रपट आणि रेसकोर्स नसलेला गोवा

फोंडेकर: आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा चित्रपट दाखवला जातो आणि या खेपेस निवड माझ्याकडे आली आहे. दिग्दर्शक स्टेनो यांचा १९७६ सालचा ‘फेब्रे दा काव्हाल्लो’ हा इटालियन विनोदपट दाखवावा, असे मनात आहे. रोममधले कफल्लक मित्र घोड्यांवर पैसे लावतात, हरतात आणि पुढच्या रेसपुरते पैसे उभे करण्यासाठी नवनव्या थापा रचतात, एवढेच कथानक. आमच्या प्रेक्षकांना धिर्योवरच्या, म्हणजे बैलांच्या झुंजींवरच्या, पैजा आणि मटका ठाऊक आहे, पण गोव्यात रेसकोर्सच नसल्यामुळे रेसचे गणित कितपत कळेल, अशी शंका वाटते. आधी काही समजावून सांगावे का?

म्हापशाचा वाचक: भाई, अवश्य दाखवा. (योगायोग असा की आपला गोव्याचा जुगारविरोधी कायदाही १९७६ चाच.) सांगायच्या गोष्टी दोनच आहेत. पहिली म्हणजे ‘त्रिस’: पहिले तीन घोडे नेमक्या क्रमाने ओळखायचे, एकाची जागा चुकली तरी पैसे बुडाले. नायकाची प्रेयसी गाब्रिएला त्याच्या हाती पैसे देऊन सोल्दातिनो, किंग आणि दार्तान्यां हे तीन घोडे लावायला सांगते. तो मात्र स्वतःच्या अकलेवर विसंबून दुसरीकडेच पैसे लावतो. त्रिस कळली नसेल तर पुढे त्याचा चेहरा का पडतो, हे कळणार नाही. दुसरी गोष्ट अशी की रोमच्या तोर दि व्हाल्ले रेसकोर्सवरच्या या शर्यती महालक्ष्मीसारख्या नव्हत्या. तिथे घोडा दुडक्या चालीने धावे, हाकणारा मागच्या हलक्या दुचाकी गाडीत बसे आणि चाल मोडून घोडा चौखूर उधळला तर बाद होण्याची वेळ येई.

पणजीची आजी: नाव मात्र समजावून सांगू नका. पोर्तुगीज शिकलेली आमची पिढी ‘फेब्र’ म्हणजे ताप आणि ‘काव्हालु’ म्हणजे घोडा हे ऐकताक्षणीच ओळखते. फणफणून चढलेल्या तापाला इटालियन माणूस ‘घोड्याचा ताप’ म्हणतो, त्यावरचा हा श्लेष आहे. नायकाचे टोपणनाव मँड्रेक, हेही इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्यांना सांगावे लागणार नाही. व्हिस्कीच्या जाहिरातीत एकच वाक्य बोलताना नायक झालेल्या जिजी प्रोयेत्ती यांची जीभ पुन्हापुन्हा अडखळते, तो प्रसंग तर ‘कच्चा पापड, पक्का पापड’ म्हणता न येणाऱ्या कोणालाही कळेल.

डिचोलीकर: मला अडचण वेगळीच दिसते. निम्मी गंमत रोमच्या बोलीत आहे आणि उपशीर्षकांत ती सपाट होते. मालवणी नाटक पुस्तकी मराठीत वाचावे, तसे होते. तरीही दाखवा, कारण प्रोयेत्तींचा चेहरा भाषेवर अवलंबून नाही.

फोंडेकर: सर्वांचे आभार. त्रिस आणि दुडकी चाल पाच मिनिटांत सांगेन. गाब्रिएलाचे नाव काढणार नाही.

पणजीची आजी: आणि सगळी कथा मँड्रेक कोर्टात ज्यांना ऐकवतो, त्या न्यायाधीशांविषयीही अवाक्षर काढू नका.